परवलीचा शब्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पिंपळवंडी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. अहवाल वाचून झाला, जमाखर्च मंजूर झाला, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरवही झाला. बोलण्यासारखे काही उरलेच असेल तर ते शब्दच उरले आहेत. म्हणून शब्दांविषयीच दोन गोष्टी निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्यापैकी निम्मी घरे आज पुण्यामुंबईस आहेत. सुटीत आणि यात्रेला ती माणसे गावी येतात, ओटे भरून जातात आणि मुलांचे बोलणे कानी पडते. तेथेच आमचा जीव कासावीस होतो. कोणी कोणास 'ब्रो' म्हणतो, कोणाचा 'विषय हार्ड' असतो, तर कोणाचा 'झोल' झालेला असतो. वाढदिवसाचे अभीष्टचिंतन 'एचबीडी' एवढ्यावर आटोपते. मागील वर्षी आपल्या ज्ञातीतील एक वयोवृद्ध गृहस्थ निवर्तले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कार्यांत पंगती वाढल्या, त्यांच्या निधनाच्या वार्तेखाली मुलांनी 'आरआयपी' अशी तीन अक्षरे टाकली आणि ती पुढच्या विषयाकडे वळली. आम्हांस त्या दिवशी अन्न गोड लागले नाही.

ही चीड मनात घेऊन आम्ही घरातील जुनी ट्रंक उघडून बसलो होतो. आमच्या आजोबांचे एक पोस्टकार्ड हाती लागले. नातीस हाक मारून म्हटले, "पाहा, पूर्वी माणसे कशी लिहीत!" तिने कार्ड हाती घेतले आणि मोठ्याने वाचू लागली, "ती. रा. रा. ... सा. न. वि. वि." पुढे थांबून तिने विचारले, "आजोबा, हे कोणत्या भाषेत आहे?" आम्ही सांगितले की, 'ती.' म्हणजे तीर्थरूप, 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री आणि उरलेले म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ती हसून म्हणाली, "मग तुमचे एचबीडीच झाले की हे!"

सभ्य गृहस्थहो, आम्ही निरुत्तर झालो. ज्या संक्षेपावर आम्ही रागावलो होतो, तो आमच्याच ट्रंकेत घडी घालून ठेवलेला निघाला. 'चि.', 'सौ.', 'कै.', 'ह. भ. प.' यांवाचून आपली एक लग्नपत्रिका, एक निमंत्रण पूर्ण होत नाही. त्यांतील सर्वच संक्षेप अभिमान बाळगावा असे होते, असेही नाही. 'गं. भा.' ही दोन अक्षरे विधवेच्या नावामागे लावून आपण तिचे दुःख जगजाहीर करीत होतो, याचे भान आपणांस उशिरा आले.

त्या संक्षेपांना कारणेही होती. पोस्टकार्डावर जागा बेताची. तारेला तर शब्दागणिक पैसे पडत. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, तोवर काटकसरीने लिहिण्याची ती शाळा चालू होती. आणि शब्द झिजणे हा तर भाषेचा स्वभावच आहे. आपल्या तालुक्यातील नाणेघाटात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याची भाषा संस्कृत नव्हे, प्राकृत आहे. 'श्वश्रू'ची सासू झाली, 'हस्ता'चा हात झाला, 'अद्य'चे आज झाले. फार कशाला, जीर्णनगराचे जुन्नर झाले असे जुनी माणसे सांगत आली. झिजलेल्या शब्दांवर रागवायचे तर स्वतःच्या तालुक्याच्या नावावरही रागवावे लागेल.

मग आमची चीड निराधार होती काय? पुष्कळशी होती. 'विषय हार्ड' आज आहे, उद्या नसेल. प्रत्येक पिढी आपली चार नाणी पाडते आणि ती पिढी वयस्क झाली की ती नाणी चालेनाशी होतात. परंतु चिडीचा एक अंश खरा होता, आणि तो कोणता हे शोधणे आम्हांस आवश्यक वाटले.

इंग्रजी अक्षरे आली म्हणजे शब्द परका झाला, असे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तिची 'एसटी' झाली आणि आपल्या आजीच्या तोंडी 'यष्टी' झाली. आजीला त्या दोन अक्षरांचा विस्तार ठाऊक नव्हता. पण गाडी ठाऊक होती. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद, या दोहोंचा 'सातबारा' झाला. याहून आटोपशीर शब्द कोणता पंडित घडवील? शेजारच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. अशा एकूण तीस तबकड्या आहेत. शास्त्रज्ञ तिला 'जीएमआरटी' म्हणतात, तर बांधावरचा माणूस 'खोडदची दुर्बीण' म्हणून मोकळा होतो. जेथे वस्तू डोळ्यांपुढे असते, तेथे संक्षेपाने नुकसान होत नाही.

नुकसान होते ते वस्तू दिसत नसते तेथे. आपला सर्व भाग कुकडीच्या पाण्यावर जगतो. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणांची नावे लहान मुलासही पाठ आहेत. धरणात किती 'टीएमसी' आणि कालव्याला किती 'क्युसेक', यांवर पारावर वाद रंगतात. आम्ही एकदा पारावर विचारले, "एक टीएमसी म्हणजे किती पाणी हो?" बराच वेळ कोणी बोलले नाही. आम्हांसही त्या दिवशी सांगता आले नाही. घरी येऊन पाहावे लागले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे दोन हजार आठशे तीस कोटी लिटर. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. 'अब्ज घनफूट' हा स्वच्छ मराठी शब्द असताना आपण अक्षरांवर भांडत राहिलो. ज्यास माप कळत नाही, त्यास आपला वाटा बरोबर मिळाला की नाही, हे तरी कसे कळावे?

आता ज्या प्रसंगामुळे आम्ही आज हा विषय घेतला, तो सांगतो. आमचे एक वृद्ध आप्त आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. शेतकऱ्यांना केंद्र सरकारकडून वर्षास सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात, त्यांतील एक हप्ता अडकला. ते चौकशीस गेले. खिडकीपलीकडून उत्तर आले, "केवायसी पेंडिंग आहे. ओटीपी लागेल." त्यांनी ते शब्द मंत्रासारखे घोकीत घरी आणले. 'ओटीपी' नावाचा काही कागद असावा, असे समजून त्यांनी फडताळ उपसले. दुसऱ्या खेपेस मोबाइलवर आलेला आकडा तेथील तरुणाने पाहून घेतला आणि काम झाले. त्यांच्या मनाने नोंद घेतली की, ओटीपी सांगितला म्हणजे काम होते.

पंधरा दिवसांनी त्यांस एक दूरध्वनी आला. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "काका, बँकेतून बोलतोय. तुमचा ओटीपी सांगा." काकांनी सांगितला. कांद्याच्या विक्रीचे खात्यात असलेले पैसे त्याच घटकेस गेले.

आम्ही त्यांस समजावीत होतो, "अहो, तो एकदाच चालणारा परवलीचा शब्द असतो. तो परक्यास सांगायचा नसतो." ते आमच्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "परवलीचा शब्द? असे कोणी सांगितले असते, तर मेलो तरी उच्चारला नसता."

बंधूंनो, ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवछत्रपतींचा जन्म झाला, तो गड आपल्याच तालुक्यात आहे. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द कोणाला सांगावा आणि कोणाला सांगू नये, हे आपल्या मुलांस गोष्टींतून ठाऊक होते. शब्द आपला होता, त्याच्या अर्थातच पहारा होता. तीन अक्षरे आली आणि पहारेकरी निघून गेला. पुढे त्याच छत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्यातील सर्वच शब्द रुळले नाहीत. 'अर्ज', 'दप्तर' आणि 'हवालदार' आजही आपले आहेत. पण राज्यकारभाराची भाषा ही राज्यकर्त्याने लक्ष घालण्याची गोष्ट आहे, हा विचार त्यामागे होता.

आज मराठीस राजभाषेचा मान १९६४ च्या अधिनियमाने आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दोन्ही गोष्टींचा आम्हांस आनंद आहे. परंतु खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास आपल्याच पैशांविषयी काय सांगितले हे कळत नसेल, तर तो मान त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली तरुणांस. तुम्ही आपसांत हवे ते बोला, आम्ही कान बंद करू. पण वडीलधाऱ्यांशी, आणि पैशांच्या, पाण्याच्या, औषधांच्या कामी, प्रथम पूर्ण शब्द सांगा आणि मग संक्षेप. आणि कोणी गेले असता निदान एक पूर्ण वाक्य लिहा. तारेसारखे त्याला शब्दागणिक पैसे पडत नाहीत. दुसरी मंडळास. आपल्या सूचनापत्रांत आणि अर्जांच्या नमुन्यांत प्रत्येक संक्षेपाचा विस्तार मराठीत छापावा. शाई थोडी अधिक जाईल, ती जाऊ द्यावी. तिसरी आम्हां वृद्धांस. न कळलेला शब्द विचारण्यास लाजू नये. पारावर 'टीएमसी' म्हणजे काय हे कोणीच विचारीत नव्हते, कारण प्रत्येकास वाटत होते की, आपल्यालाच ते ठाऊक नाही.

नातीचे ते हसणे अद्याप कानांत आहे. त्या दिवसापासून आमचा तिच्याशी करार झाला आहे. तिने वापरलेल्या प्रत्येक अक्षरजोडीचा अर्थ ती आम्हांस सांगते आणि त्या ट्रंकेतील एकेक पत्र आम्ही तिला सोडवून देतो. आजवर देणे-घेणे बरोबरीत आहे. आपणही आपापल्या घरी असा करार करून पाहावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.