प्रेमात पडलेला पैलवान आणि प्रेमात पडलेली पैलवान

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'हिंदी क्रीडापट आणि स्त्रियांचं सबलीकरण' असा छापला आहे. सबलीकरण हा शब्द सरकारी योजनांपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत इतका घासला गेलाय की मी तो जरा बाजूला ठेवते. मला एवढंच पाहायचंय, की या सिनेमांत खेळणारी मुलगी प्रेमात पडली तर तिच्या खेळाचं पुढे काय होतं?

हा प्रश्न मला आमच्या किशोरी गटांनी घालून दिला. वस्तीतल्या मुली चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत कबड्डी खेळतात, आईवडील कौतुकानं सामने बघायलाही येतात. मग एका मुलीच्या मोबाईलवर एका मुलाचा मेसेज सापडतो. तिची शाळा चालू राहते, क्लास चालू राहतो, कबड्डी तेवढी बंद होते. समजूत घालायला गेलो, तर तिचे वडील शांतपणे म्हणाले, "ताई, 'दंगल' तुम्हीच दाखवलात ना वस्तीत? त्यातल्या बापानं काय केलं ते बघा की. पोरीचं लक्ष उडालं की खेळ संपला." मी त्यांना मूर्ख ठरवू शकत नाही. त्यांनी सिनेमा नीट पाहिला होता.

'दंगल' आला 2016 साली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री गीता फोगट, तिच्यावर बेतलेला. त्यात चांगलं खूप आहे. चौदा वर्षांच्या नवरीच्या तोंडी दिलेला प्रसंग कोणत्याही बालविवाहविरोधी पथनाट्यापेक्षा जास्त काम करतो, आणि आम्ही तो वापरतोही. पण केसांचं काय ते बघा. लहानपणी बाप मुलींचे केस कापून टाकतो, त्या रडतात. पुढे गीता पतियाळाच्या अकादमीत जाते, केस वाढवते, नखं रंगवते, आणि हरायला लागते. मग बापाला रडत फोन, पुन्हा आखूड केस, आणि पुन्हा विजय. तिथे प्रियकर नाहीच. नुसती नटण्याची इच्छा एवढाच गुन्हा. दिग्दर्शक नितेश तिवारींनी हे तोंडानं कुठे म्हटलेलं नाही, पण पडद्यावर केस वाढणं आणि सामने हरणं एकामागोमाग एक येतं, तेव्हा प्रेक्षक त्यांची गाठ आपोआप मारतो. आमच्या गटातल्या एका मुलीनं विचारलंच, "केस वाढवले म्हणून हरली का ती?" शेवटी गीता बापाविना एकटी लढते हे खरं, पण त्यासाठी बापाला कोंडून घालणारा खलनायक प्रशिक्षक रचावा लागला. प्रत्यक्षात असं कुणी कुणाला कोंडलं नव्हतं.

त्याच वर्षी, 'दंगल'च्या काही महिने आधी, 'सुलतान' आला. मला तो या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण माझा मुद्दा त्यात उघडाच आहे. आरफा हरियाणातली पैलवान. सिनेमा सुरू होतो तेव्हा कुस्ती तिची आहे, ऑलिंपिकचं स्वप्नही तिचं. सुलतान केबलची कामं करणारा, पतंग पकडत फिरणारा उनाड. तो तिच्यावर भाळतो, ती त्याचा अपमान करते, म्हणून तो आखाड्यात उतरतो आणि बघता बघता चॅम्पियन होतो. मग लग्न. ऑलिंपिक तोंडावर असताना तिला दिवस गेल्याचं कळतं. सुलतान नाचतो. ती कुस्ती सोडते, आणि त्याचं पदक हेच आपलं पदक मानते. पुढे मूल दगावतं, नवराबायको दुरावतात, पण सिनेमा त्याच्या पश्चात्तापाचा आणि त्याच्या पुनरागमनाचा होतो. ती आखाड्यात परतते, ती अगदी शेवटी.

म्हणजे प्रेमात पडलेला पुरुष पैलवान होतो आणि प्रेमात पडलेली पैलवान आखाडा सोडते. त्याच्यासाठी प्रेम म्हणजे खुराक, तिच्यासाठी गळती. गर्भनिरोधनाचा विषय निघतच नाही. दोघंही खेळाडू, ऑलिंपिक समोर आहे, आणि मूल आत्ता हवं का ही चर्चा त्या घरात होत नाही. आरोग्याचं काम करणाऱ्या आपल्यातल्या मैत्रिणी या जागेवर हमखास हसतात. हा सिनेमा जुलैत लागला, आणि ऑगस्टमध्ये रिओत हरियाणाच्याच साक्षी मलिकनं कांस्यपदक जिंकलं, ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री पैलवान. वास्तव सिनेमाच्या इतकं पुढे होतं.

कुणी म्हणेल, पुरुषांच्या सिनेमातही प्रेम आड येतंच. येतं. 'भाग मिल्खा भाग' (2013) मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रेमप्रकरणानंतर मिल्खा हरतो आणि आरशासमोर स्वतःलाच थोबाडीत मारून घेतो. पण चूक त्याची, शिक्षाही त्यानंच स्वतःला द्यायची. त्याला घरी कुणी बसवत नाही. मुलीची शिक्षा मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते.

'चक दे! इंडिया'बद्दल (2007) मात्र मी भांडायला तयार आहे, त्याच्या बाजूनं. 2002 मध्ये मँचेस्टरला आपल्या महिला हॉकी संघानं मिळवलेल्या सुवर्णपदकाची पार्श्वभूमी त्याला आहे. शाहरुख खान असून त्याला नायिका नाही. मुलींचं आपापसातलं भांडण, प्रांतांचं राजकारण, ईशान्येकडच्या मुलींना परकं समजणं हे सगळं त्यात आहे. आणि प्रेमाचा प्रश्न त्यानं टाळलेला नाही. प्रीतीचा होणारा नवरा क्रिकेटपटू आहे, तिची हॉकी त्याला पोरखेळ वाटते. ती त्याला चारचौघांत नकार देते. विद्याच्या सासरचे तिला घरी बोलावत राहतात, ती जात नाही, आणि शेवटचा गोल तीच अडवते. फक्त एक खटकतं. इथेही खेळ आणि प्रेम यांतलं एकच निवडायचं आहे. खेळाला मान देणारा एखादा साधा मुलगा सोळा मुलींपैकी एकीच्याही वाट्याला येऊ नये?

तसा मुलगा नंतर आला, पण नवरा होऊन. 'मेरी कोम' (2014) मधला ओनलर जुळी मुलं सांभाळतो, बायकोला पुन्हा रिंगणात पाठवतो. (मणिपूरच्या या मुलीवरचा सिनेमा मणिपुरात लागला नाही, तिथे अतिरेकी संघटनांनी 2000 पासून हिंदी सिनेमांवर बंदी घातली होती. भूमिकाही मणिपुरी नटीला मिळाली नाही.) 'पंगा' (2020) तर आपल्या गटांत दाखवावाच. दिग्दर्शक अश्विनी अय्यर तिवारी. भोपाळची जया, एकेकाळची कबड्डीची कप्तान, आता रेल्वेच्या नोकरीत. नवरा चांगला, मुलगा गोड, आणि तरीही तिला स्वतःकडे पाहून काही वाटेनासं झालंय. सासू छळत नाही, नवरा दारू पीत नाही, तरी बाई हरवू शकते, हे इतक्या साधेपणानं हिंदी सिनेमात क्वचितच आलं असेल. आमच्या बचत गटातल्या बायका या जागी गप्प झाल्या. पण खेळायला परत जाण्याची कल्पना मुलाची. नवरा सुचवतो, पोराच्या समाधानासाठी महिनाभर सरावाचं नाटक कर. तिला स्वतःला खेळायचंय हे ती सरळ म्हणू शकत नाही, ते आधी पोराच्या हट्टात गुंडाळून आणावं लागतं. आणि ती बाहेरगावी गेल्यावर नवऱ्याची घरकामातली तारांबळ विनोदासाठी वापरली जाते. आपण हसतो. तीच तारांबळ बाईची उडाली तर त्याला विनोद म्हणत नाहीत.

'साइना'मध्ये (2021) मात्र अमोल गुप्तेंनी प्रश्न थेट विचारून घेतला. प्रशिक्षक प्रेमावरून टोकतो, तेव्हा ती सचिनचा दाखला देते: त्यानं बाविसाव्या वर्षी लग्न केलं, त्याला कुणी विचारलं का? एवढ्या एका प्रसंगासाठी तो सिनेमा मुलींना दाखवावा.

'रश्मी रॉकेट' (2021) नं मला अस्वस्थ केलं. विषय फार मोठा आहे, 'तू बाई आहेस हे सिद्ध कर' म्हणणारी लिंगचाचणी. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं शांती सौंदरराजनचं रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतलं. द्युती चंदला 2014 मध्ये खेळण्यापासून रोखलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 मध्ये तो नियम स्थगित झाला. सिनेमातली रश्मी काल्पनिक आहे. तिला लष्करातला देखणा, समजूतदार नवरा दिलाय, आणि ती गरोदर असताना ट्रॅकवर उतरते. 2019 मध्ये द्युतीनं आपलं प्रेम एका मुलीवर असल्याचं जाहीर केलं होतं. तिच्यासारख्या मुलीची लढाई पडद्यावर आणायची तर नवरा आणि पोटातलं मूल यांची साक्ष काढावीच लागली का? चाचणी नाकारणारा सिनेमा बाईपणाची जुनीच खूण पुढे करतो.

आणि मैदानात मुलीला खरा धोका कुणाकडून, हे तर बहुतेक सिनेमे विचारतच नाहीत. जानेवारी 2023 मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगट आणि त्यांचे साथीदार जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. ते त्यांनी नाकारले, पुढे प्रकरण न्यायालयात गेलं. 28 मे रोजी पोलिसांनी या मुलींना रस्त्यावरून फरफटत नेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबरमध्ये साक्षीनं बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. तिनं आखाडा सोडला तो प्रेमापायी नाही. म्हणून पालकसभेत मी हल्ली विचारते: मुलीच्या मोबाईलमधला मुलगा तुम्हाला दिसतो, पण क्रीडा संकुलात तक्रार समिती आहे का, बाहेरगावच्या सामन्यांना सोबत बाई प्रशिक्षक जाते का, हे कधी विचारलंत?

आता त्या मुलीबद्दल. तिच्या वडिलांशी आमचं बोलणं चालू आहे. त्यांनी महिला क्रिकेट संघाचा नोव्हेंबर 2025 चा नवी मुंबईतला विश्वचषकाचा अंतिम सामना पूर्ण पाहिला, सांगलीच्या स्मृतीचं नाव ते अभिमानानं घेतात. मुलगी सध्या रविवारी येते, आईला सोबत घेऊन. आई कडेला बसून गुण मोजते, आणि नियम आता तिला आमच्यापेक्षा जास्त कळतात.

चहानंतर 'पंगा'चा पहिला अर्धा भाग लावणार आहोत. महिनाभराच्या नाटकाचं ठरतं तिथे मी तो थांबवीन, मग बोलू.