दोन वकील आणि एक ओसाड बेट

तह झाला की तो दोन राष्ट्रांत झाला असे आपण म्हणतो. परंतु तो घडवून आणणाऱ्या माणसाला पुष्कळदा समोरच्या शत्रूपेक्षा स्वतःच्या धन्याशीच अधिक झगडावे लागते. पहिल्या अफूयुद्धातील चार्ल्स एलियट या इंग्रज अधिकाऱ्याची कथा अशीच आहे.

एलियट हा चीनमधील ब्रिटिश व्यापाराचा मुख्य अधीक्षक. ज्या अफूच्या व्यापाराचे रक्षण त्याला करावे लागे, त्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. त्या अफूचे आपल्याशीही नाते आहे. तिचा मोठा भाग बंगालमधून जाई, आणि शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होई. १८३९ साली लिन त्से-श्यू या करारी चिनी अधिकाऱ्याने कँटनमधील परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी केली. तेव्हा सरकारच्या नावाने भरपाईचे वचन देऊन एलियटने वीस हजारांहून अधिक पेट्या त्याच्या स्वाधीन केल्या. लिनने ती अफू नष्ट केली आणि त्यातून युद्ध पेटले.

जानेवारी १८४१ मध्ये एलियट आणि चिनी प्रतिनिधी की-शान यांनी च्वानपी येथे समझोत्याची कलमे ठरवली. हाँगकाँग बेट इंग्रजांना मिळावे, सहा वर्षांत साठ लाख डॉलर द्यावेत, व्यापार पुन्हा सुरू व्हावा, आणि इंग्रजांनी जिंकलेले चूसान बेट परत करावे. चूसानवर तापाने आणि हगवणीने शेकडो शिपाई दगावले होते. ते सोडण्यात एलियटला हानी दिसली नाही.

लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री पामर्स्टन मात्र संतापले. आपल्या सूचना एलियटने रद्दीसारख्या बाजूला सारल्या, भरपाई फार थोडी घेतली, चूसानसारखे मोलाचे ओलीस सोडले आणि बदल्यात जेमतेम एखादे घर असलेले ओसाड बेट पत्करले, असा त्यांचा आरोप होता. एप्रिलमध्ये त्यांनी एलियटला परत बोलावले. पण त्या काळी तारायंत्र नव्हते. तो हुकूम चीनला पोहोचेपर्यंत जुलै उजाडला.

मधल्या काळात एलियट पदावर होताच, आणि त्याचा दुसरा तंटा जागच्या जागीच उभा राहिला. मे महिन्यात जनरल गफ यांचे सैन्य कँटनच्या उत्तरेकडील टेकड्यांवर चढले. २७ मेच्या सकाळी शहरावर हल्ला होणार, इतक्यात एलियटचा निरोप आला: साठ लाख डॉलरांची खंडणी ठरली आहे, हल्ला थांबवा. शहरात लूटमार झाली तर माणसे देशोधडीला लागतील आणि व्यापारही बुडेल, हा त्याचा हिशेब होता. हाती आलेले शहर सोडावे लागल्याने सेनाधिकारी मात्र कमालीचे नाराज झाले.

पुढल्याच दिवसांत सान-युआन-ली गावाजवळ हजारो गावकरी चवताळून उठले. मुसळधार पावसात मद्रासी शिपायांची एक तुकडी भातखाचरांत अडकली. चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या. कुमक आली म्हणून ती वाचली. अफू आपल्या मातीतली, शिपाई आपले, आणि भांडण मात्र परक्यांचे!

एलियटच्या जागी आले सर हेन्री पॉटिंजर. मराठेशाहीच्या अखेरीनंतर अहमदनगरचे कलेक्टर म्हणून काम केलेला, कच्छ-सिंधमध्ये मुरलेला हा मुत्सद्दी होता. त्याने आरमार यांगत्सेतून नानकिंगपर्यंत नेले. २९ ऑगस्ट १८४२ च्या तहात दोन कोटी दहा लाख डॉलर, पाच बंदरे आणि हाँगकाँग पदरात पडले. नष्ट झालेल्या अफूची किंमत त्या रकमेत होती. अफूचा व्यापार बंद करण्याविषयी मात्र तहात अक्षर नव्हते.

की-शानचे काय झाले? मुलूख दिल्याबद्दल बादशहाने त्याला बेड्या घातल्या आणि त्याची मालमत्ता जप्त केली. एकाला थोडे घेतले म्हणून शिक्षा, दुसऱ्याला फार दिले म्हणून!

एलियटला साधुपुरुष ठरवण्याचे कारण नाही. युद्ध त्यानेही चालवले. त्याच्यात आणि पामर्स्टनमध्ये वाद होता तो किती घ्यावे एवढाच. घेण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न त्या पत्रव्यवहाराने सोडवला नाही. तरीही कँटनच्या तटाबाहेर थांबलेली ती एक सकाळ त्याच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. ते ओसाड बेट पुढे जगातील एक गजबजलेले बंदर झाले, आणि १ जुलै १९९७ रोजी चीनकडे परत गेले.