आवड असावी, वाटणी नको

गाण्यांवर तरुणांचा वाद रंगला की मला बरं वाटतं. कुणाला कव्वाली हवी, कुणाला ख्याल, कुणाला रॅप. आवडी वेगळ्या असायच्याच. पण 'हे संगीत आपलं, ते त्यांचं' अशी वाटणी सुरू झाली, की मी विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची आठवण करून देतो.

१५८० ते १६२७ या काळात राज्य केलेल्या या सुलतानाने 'किताब-ए-नौरस' रचली. दखनीतली ही गीतं रागांनुसार मांडलेली आहेत. त्यांत सरस्वती आहे, गणपती आहे आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाजही आहेत. लाडक्या तंबोऱ्याचं नाव त्याने मोतीखान ठेवलं आणि त्यालाही गीतांत जागा दिली. म्हणजे गाण्यातच गाण्याचं कौतुक!

पुढे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना तालीम दिली आणि सवाई गंधर्वांनी भीमसेन जोशींना. या परंपरेत धर्म आडवा आला नाही.

तेव्हा आवडेल ते ऐका, नावडेल ते खुशाल सोडा. मात्र सोडण्याचं कारण सूर असू द्या, गाणाऱ्याचा धर्म नको.