जास्वंदीची फांदी

ज्या झाडांची निगा कोणी मुद्दाम घ्यावी लागत नाही अशी समजूत आहे, त्यांत जास्वंदीचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. गुलाबाला जाणता माळी लागतो, शेवंतीला तिचा हंगाम सांभाळावा लागतो; जास्वंद मात्र विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाटाशी किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात वाढते आणि रोज सकाळी पूजेला फूल देते, असे घरोघरी सांगितले जाते. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. माणसाच्या हातावर जास्वंद जितकी अवलंबून आहे, तितके अवलंबून असलेले दुसरे फुलझाड आपल्या परसात क्वचितच सापडेल.

याचे कारण साधे आहे. नित्याच्या तांबड्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही. भेंडी, अंबाडी आणि कापूस ही तिच्याच कुळातली. त्यांना बोंडे येतात, ती वाळतात, फुटतात, आणि पुढच्या पिढीची सोय होते. जास्वंदीचे फूल मात्र सायंकाळी मिटते व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठासकट गळून पडते. मागे काही राहत नाही. तिच्या निरनिराळ्या झाडांतील गुणसूत्रांची संख्याही सारखी नसते, आणि बी न धरण्याचे ते एक कारण मानले जाते. त्यामुळे जुन्या जास्वंदीच्या झाडाखाली तिची रोपे उगवलेली दिसत नाहीत. जेथे जेथे ती उभी आहे, तेथे तेथे कोणीतरी कोणाच्या तरी झाडाची फांदी आणून लावलेली असते.

तिचे मूळ घरही हरवलेले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. परंतु चीनच्या काय किंवा इतर कोणत्याही देशाच्या रानात ही जास्वंद मुळात रानटी म्हणून वाढत असल्याचा निर्विवाद पुरावा मिळालेला नाही. तिचे जवळचे आप्त पूर्व आफ्रिका, मादागास्कर, मॉरिशस, फिजी आणि हवाई या प्रदेशांत रानात आढळतात, आणि अलीकडच्या संशोधकांचा कल तिची मुळे प्रशांत महासागरातील बेटांत शोधण्याकडे आहे. भारतात मात्र ती फार पूर्वीपासून आहे. संस्कृतातील ‘जपा’ ती हीच. सूर्याच्या तेजाला जपाकुसुमाची उपमा दिली जाते. आणि स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे स्फटिक तांबडा भासतो, हा दृष्टांत सांख्य-वेदान्ताच्या विवेचनात पुन्हा पुन्हा येतो. बंगालमध्ये तिला ‘जबा’ म्हणतात व ती कालीमातेला वाहतात. गुजरातेत ती ‘जासूद’, कर्नाटकात ‘दासवाळ’, आंध्रात ‘मंदारम्’, हिंदी मुलखात ‘गुडहल’ होते. महाराष्ट्रात आणि गोव्यात ती गणपतीची. मलायाने तर १९६० साली तिला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. एवढा मोठा प्रवास या झाडाने बियांवाचून, माणसांच्या हातांतून केला आहे.

म्हणूनच तिची निगा म्हणजे काय, हे थोडे बारकाईने पाहणे योग्य ठरेल.

जागा निवडताना पहिला विचार उन्हाचा करावा. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले तर झाड भरभरून फुलते. सावलीत ते मरत नाही. पाने रुंद व गर्द होतात, फांद्या उजेडाकडे लांबत जातात, आणि फुले मात्र मोजकीच येतात. दुसरा विचार निचऱ्याचा. जास्वंदीला ओल आवडते, चिखल आवडत नाही. देशावरची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व मुळे गुदमरतात. शिवाय अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ही त्याची खूण होय. अशा ठिकाणी मातीत तांबडी माती व भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे आणि झाडाचा ओटा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा, म्हणजे खोडाशी पाणी साचत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे निचरा उत्तम असतो; परंतु पावसाबरोबर जमिनीतील अन्नांशही वाहून जातो. तेथे बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि थोडे थोडे खत वारंवार देणे हाच उपाय.

शहरातील गॅलरीतही जास्वंद चांगली होते. तिला निदान बारा ते चौदा इंची कुंडी हवी आणि कुंडीच्या तळाचे भोक मोकळे हवे. दोन-एक वर्षांत मुळे कुंडीभर गुंडाळली जातात. तेव्हा झाड बाहेर काढून बाहेरची मुळे थोडी छाटावी, नवी माती घालावी. पाण्याचे वेळापत्रक ठरवून टाकण्यापेक्षा बोटाने माती चाचपून पाहावी. वरचा थर सुकला असेल तर पाणी द्यावे. उन्हाळ्यात कुंडीतील झाडाला सकाळ-संध्याकाळ तहान लागते, थंडीत ती बरीच कमी होते. कळ्या न उमलता गळतात ही सर्वांचीच तक्रार असते. आज कोरडे, उद्या चिंब अशी पाण्याची हेळसांड हे त्याचे नेहमीचे कारण. कडक ऊन, कळीत शिरणारे फुलकिडे, किंवा कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलणे, हीही कारणे असू शकतात.

खताच्या बाबतीत उदारपणा नडतो. नत्र फार झाले की झाड पानांनी लदबदते आणि फुलायचे विसरते. जास्वंदीला पोटॅश मानवते. हाडांच्या चुऱ्यासारख्या स्फुरदाच्या खतांबाबत मात्र अनुभवी बागाईतदार हात आखडता घेतात. चुलीच्या राखेत पोटॅश असते खरे. पण राख क्षारधर्मी असल्यामुळे काळ्या जमिनीत ती न वापरलेलीच बरी.

आता छाटणी. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर. ज्याला कात्री चालवण्याची दया येते, त्याचे झाड दहा-बारा फूट उंच होते, खाली नुसत्या काठ्या राहतात आणि फुले हाताला न लागणाऱ्या शेंड्यांवर डोलतात. थंडी सरली की प्रत्येक फांदीचा सुमारे तिसरा हिस्सा डोळ्याच्या किंचित वर छाटावा. महाराष्ट्र व कर्नाटकात हे काम महाशिवरात्रीच्या सुमारास करता येते. दिल्लीकडे थंडी कडक. तेथे मार्चपर्यंत थांबणे शहाणपणाचे. त्या भागात हिवाळ्यात जास्वंदीची पाने गळतात आणि झाड मेले असे वाटून ते उपटले जाते. तसे करण्यापूर्वी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर पाणी बेताचे द्यावे आणि उन्हाची वाट पाहावी. भाद्रपदातील गणपतीला फुले हवी असतील, त्याने मोठी छाटणी ज्येष्ठापलीकडे लांबवू नये. नवी फूट येऊन तीवर कळ्या धरायला अवधी लागतो.

जास्वंदीचा मोठा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात, पाने आक्रसतात, खालची पाने चिकट होतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की हा पाहुणा आला असे समजावे. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात. आरंभीच पाण्याच्या जोरदार धारेने पुंजके धुऊन काढावेत, फार बाधलेले शेंडे कापून नष्ट करावेत, आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा पातळ साबण कालवून सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. जहाल विषांचा मोह टाळावा. देवाला वाहायचे, मुलांच्या हातात जायचे हे फूल. पण केवळ तेवढ्यासाठी नव्हे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ च्या सुमारास दक्षिण भारतात पसरला, तेव्हा पपई, तुती यांबरोबर जास्वंदीलाही त्याने ग्रासले. औषधांनी तो आवरेना. मग २०१० साली प्वेर्तो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू, एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी, बंगळूरला आणली गेली. तिची पैदास करून ती शेतांत सोडल्यावर थोड्याच काळात तो आटोक्यात आला. सरसकट विष फवारणारा असे मित्रही मारत असतो.

फूल एका दिवसाचे असते. नव्या संकरित जातींपैकी काहींची फुले दोन दिवस टिकतात, पण साध्या जास्वंदीची कळी पहाटे उमलायला लागते आणि संध्याकाळी मिटते. तेवढ्या दिवसात तिला पाण्याची गरज मात्र नसते. खुडलेले फूल कोरड्या तबकातही संध्याकाळपर्यंत टवटवीत राहते. आदल्या संध्याकाळी भरलेल्या कळ्या खुडून गार जागी ठेवल्या तर त्या दुसऱ्या सकाळी उमलतात, हे पूजा करणाऱ्या घरांना चांगले ठाऊक असते. फुले खुडताना चार-दोन झाडावर ठेवावीत. लांब चोचीचा शिंजीर मधासाठी त्यांवर येतो.

आता ज्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ, ते काम. जुने वाडे पडत आहेत, बंगल्यांच्या जागी उंच इमारती होत आहेत. परसातील आंब्यासाठी कोणी तरी हळहळते. आंब्याची कोय तरी कोठे ना कोठे रुजलेली असते. जास्वंदीचे झाड तोडले आणि तिची फांदी कोणी नेलेली नसली, की ते विशिष्ट झाड कायमचे गेले. एखादी जुनी फिकट गुलाबी, एखादी दुहेरी तांबडी, एखादी झुंबरासारखी लोंबणारी जास्वंद अशीच नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर कोण्या आजीने माहेराहून आणलेली खूणही जाते. हवाई बेटांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संकरित जास्वंदींची मोठी निर्मिती झाली. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनेही नव्या जाती दिल्या. पण त्यांतल्या कित्येक नाजूक जातींची मुळे दुबळी असतात आणि त्यांचे कलम जोमदार साध्या जास्वंदीवरच बांधावे लागते. नव्याला आधार जुन्याचाच आहे.

आणि काम कठीण नाही. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही व फार जून नाही अशी फांदी निवडावी. सहा ते आठ इंच लांबीचा तुकडा डोळ्याच्या खाली तिरपा कापावा. शेंड्याकडची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, ठेवलेली पानेही निम्मी कापावीत. वाळू व नारळाचा भुसा यांच्या ओलसर मिश्रणात दोन डोळे मातीत जातील असा तुकडा खोचावा आणि सावलीत ठेवावा. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. घाई करून तुकडा उपटून पाहू नये. नवी पाने फुटली की आत काय झाले ते आपोआप कळते. एका तुकड्यावर भिस्त न ठेवता चार लावावेत. एक आपल्यासाठी ठेवावा, आणि बाकीचे ज्यांच्या दारी जास्वंद नाही त्यांना द्यावेत. पुढे कधी आपल्या दारचे झाड गेले, तर फांदी मागायला जाण्यासारखी तीन घरे गावात असतील.