रात्री आवळलेला बोल्ट सकाळी का तुटतो?



 माझ्या नावावर ना ग्रंथ आहे, ना पेटंट. प्लेटिंगच्या टाक्यांशेजारी तीस वर्षं काढली आणि लोकांनी विचारलेले प्रश्न एका वहीत टिपत गेलो, एवढीच माझी जमा. आज त्या वहीतली दोन-चार पानं वाचतो.

पहिलं पान. मी नोकरीत नवा होतो. असेंब्लीवरचे एक वयस्कर फिटर, त्यांना सगळे मामा म्हणत, तळहातावर बोल्टचं तुटलेलं डोकं घेऊन प्रयोगशाळेत आले. "साहेब, काल रात्री नेमाने आवळला होता. सकाळी येऊन बघतो तर डोकं खाली पडलेलं. कुणी हात लावला नाही. हा आपोआप कसा तुटला?" मी त्यांना बसाही म्हणालो नाही. म्हणालो, "जास्त आवळला असेल." मामा गेले. दोन दिवसांनी आणखी तीन डोकी घेऊन आले आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेले.

चूक मामांची नव्हती, आमच्या विभागाची होती. बोल्ट 12.9 दर्जाचे, म्हणजे फार कणखर पोलादाचे. गंज काढायला आम्ही ते आम्लात बुडवले, म्हणजे पिकलिंग केलं; मग जस्ताचं प्लेटिंग केलं. दोन्ही ठिकाणी पोलादाच्या अंगावर हायड्रोजन तयार होतो. बराचसा बुडबुडे होऊन निघून जातो, थोडा अणुरूपाने आत शिरतो. अगदी लहान अणू, त्याला पोलादातही वाट मिळते. बोल्ट आवळला की जिथे ताण जास्त, तिथे हे अणू गोळा होतात, पोलाद ठिसूळ होतं, केसाएवढी भेग पडते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी डोकं सुटतं. उपाय साधा आहे: प्लेटिंग झाल्यावर माल सुमारे 200 अंशांच्या भट्टीत काही तास भाजायचा, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. माल लवकर पाठवायच्या घाईत आम्ही बेकिंग गाळलं होतं.

हे सगळं मी पदवीला शिकलो होतो, त्यावर गुणही मिळवले होते. पण परीक्षेतला प्रश्न 'हायड्रोजनजन्य ठिसूळपणा स्पष्ट करा' असा असतो आणि मामांचा प्रश्न 'आपोआप कसा तुटला' असा. दोन्ही एकच आहेत हे मला ओळखता आलं नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे: आपल्या पिंपरीच्या पट्ट्यात रसायनशास्त्राचे प्रश्न मुबलक आहेत, उत्तरंही आहेत, दोघांची गाठ पडत नाही.

या भागाला लोक गाड्यांचा पट्टा म्हणतात. पण इथलं रसायनशास्त्र जुनं आहे. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली, त्याच्या आठ वर्षं आधी, 1954 मध्ये, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तिथल्या संशोधकांनी पुढे बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध ज्या सूक्ष्मजीवापासून मिळवलं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. आपल्या गावाचं नाव शास्त्राच्या भाषेत गेलं आहे. शास्त्र मात्र आपल्या गावाच्या बोलीत पुरतं उतरलेलं नाही.

दुसरं पान ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं. तिथल्या ऑपरेटरने विचारलं होतं, "सर, पिवळं पाणी हिरवं झालं, म्हणजे सोडायला हरकत नाही ना?" पिवळेपणा षट्संयुजी क्रोमियमचा. ते विषारी, कर्करोगाला कारण ठरणारं. पाणी आम्लधर्मी करून त्यात मेटाबायसल्फाईट टाकलं की क्रोमियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन घेतो आणि रंग हिरवा होतो. धोका पुष्कळ कमी झाला. पण क्रोमियम गेलं कुठे? ते पाण्यातच आहे, विरघळलेलं. आता चुना घालून सामू साडेआठ-नऊच्या आसपास नेला, की ते गाळ होऊन तळाशी बसतं. तो गाळ वेगळा काढून घातक कचऱ्यात टाकतात. त्यानंतर पाणी तपासायचं, मग सोडायचं.

दहावीचा मुलगा 'क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवणे' असं घोकतो. त्याचा बाप ईटीपीवर रोज तेच घडवून आणतो आणि त्याला 'हिरवं करणं' म्हणतो. संध्याकाळी दोघं एका ताटाला बसतात. एकाच गोष्टीची दोन नावं त्या घरात आहेत आणि ती कधी एकमेकांना भेटत नाहीत.

असंच नवसागराचं. भांड्यांना कल्हई करणारा आठवतो? भात्याने विस्तव फुलवायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवलं की भांडं चांदीसारखं लखलखायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापल्यावर त्यातून निघणारं आम्ल तांब्यावरचा ऑक्साईड खातं, म्हणून कथील धरतं. आजही लोखंड सुमारे 450 अंशांच्या जस्तरसात बुडवण्याआधी जो फ्लक्स लावतात, त्यात हाच नवसागर असतो, जस्ताच्या क्लोराईडबरोबर. गॅल्व्हनायझिंग शिकवताना कल्हईवाला वर्गात आणला, तर निम्मा धडा तिथेच समजेल.

काही प्रश्न उत्तर देणाऱ्यालाच प्रामाणिक राहायला लावतात. "सॉल्ट स्प्रेमध्ये बहात्तर तास टिकलं, म्हणजे रस्त्यावर किती वर्षं?" पाच टक्के मिठाचं पाणी, 35 अंश, अखंड धुकं. ही चाचणी दोन लेपांची तुलना करते, तासांची वर्षं करून देत नाही. गिऱ्हाईक आकडा मागतं म्हणून आपण आकडा देऊ नये.

आणि आळंदीचा प्रश्न. इंद्रायणीच्या घाटावर फेस आला की वारकरी विचारतात, "हे कुणाचं?" डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं, म्हणून बुडबुडा टिकतो. असा रेणू कारखान्यातून येतो, तसा न्हाणीघरातूनही येतो. नुसता फेस पाहून धनी सांगता येत नाही. नाल्यानाल्यावर नमुने घ्यावे लागतात. ते काम आपल्या प्रयोगशाळांना जमण्यासारखं आहे. माऊलींच्या गावात तेवढं आपण करू शकतो.

मराठीत साधनं नाहीत, असं कुणी म्हणू नये. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतून विज्ञान पोहोचवते आहे. परिभाषा कोशही आहेत. उणीव आहे ती कोशातल्या शब्दाशेजारी टाकीवरचा शब्द लिहिण्याची. म्हणून माझी सूचना छोटी आहे. प्रत्येक प्रयोगशाळेच्या दाराशी एक वही टांगा. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने आपल्या शब्दांत लिहावा. महिन्यातून एकदा शेजारच्या कॉलेजातल्या शिक्षकाने येऊन त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं, दोन्ही नावं फळ्यावर लिहून. आणि त्या वहीतला एक प्रश्न वर्गात न्यावा.

शेवटी मामांकडे येतो. मी असेंब्लीवर जाऊन माफी मागितली, हायड्रोजन समजावला, भट्टी दाखवली. ते भट्टीच्या दाराशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, मग आज प्लेटिंग करून उद्या भाजलं तर चालेल का? तोवर आत भेग पडलेली असली तर?"

मला उत्तर येत नव्हतं. मी पुस्तकं काढली. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत भाजणं का सक्तीचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पडलेली भेग भट्टी सांधत नाही. वहीची सुरुवात त्या प्रश्नाने झाली, आणि पहिल्या पानावर नाव माझं नाही, मामांचं आहे.