औषध पोहोचले; आता माणूस



खालापुरातून मुंबई-पुणे रस्त्यावर अहोरात्र ट्रक धावतात. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या चालकांबरोबर एड्स देशभर फिरला. भोग मात्र घरी वाट पाहणाऱ्या गृहिणींच्याही वाट्याला आला. जगात आज सुमारे ४ कोटी लोक एच.आय.व्ही.बाधित आहेत. वर्षाला १० हजार डॉलरहून महाग असलेले उपचार २००१ मध्ये ‘सिप्ला’ या स्वदेशी कंपनीने ३५० डॉलरांत देऊ केले. आफ्रिकेला आधार मिळाला तो भारतीय औषधांचा! (सिप्लाचा एक कारखाना इथल्याच पाताळगंगा वसाहतीत आहे.) २००४ पासून शासन ही औषधे विनामूल्य देते. परंतु शेजाऱ्यांच्या नजरेला भिऊन कर्जतचा रुग्ण दवाखान्याची पायरीच चढला नाही, तर गोळीचा उपयोग काय? सहभोजनाने हा रोग होत नाही. गावच्या पंगतीत त्याच्या शेजारचे पान कार्यकर्त्याने आपले मानावे.