छावणीतील जलसंजीवनी

आपल्या खांदा कॉलनीत औषधांच्या दुकानी जलसंजीवनीची पुडी सहज मिळते. जुलाब झालेल्या मुलास आपण ती देतो. पण तिची खरी कसोटी सीमेवर लागली, हे फारसे ध्यानी येत नाही.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. ते लावणारे शिकलेले हातही मोजकेच. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी उरलेले सलाईन अत्यवस्थ रोग्यांसाठी राखले. इतरांस एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून तोंडावाटे पाजण्यास आरंभ केला. ग्लुकोजच्या संगतीने आतडे मीठ शोषते आणि मिठामागोमाग पाणी शरीरात मुरते, एवढेच त्यातले शास्त्र. पाजले कोणी? रोग्यांच्या आयांनी, भावांनी, नातलगांनी. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रोग्यांत ३.६ टक्क्यांवर उतरले.

आम्हांस यात मोठे वाटते ते हे, की घरदार गमावलेल्या आईच्या हाती डॉक्टरांनी पेला दिला आणि तिच्यावर भरवसा ठेवला. निर्वासितांच्या मदतीस जाणाऱ्याने औषधाबरोबर हा भरवसाही न्यावा, एवढीच आमची विनंती.